गोल पानांची निलगिरी

१२ मार्च

ती. ताईस,
शेंडेफळाचा सा. न. वि. वि.

आपली निलगिरी गेली. सोमवारच्या वादळात वरची मोठी फांदी विजेच्या तारेवर आली. मंगळवारी वायरमन आला, झाडाभोवती दोन फेऱ्या मारल्या, बुंध्यावर हाताने ठोकून पाहिलं आणि म्हणाला, की आतून चीर गेली आहे, हे आता उभं ठेवता येणार नाही. मला वाटलं, कामाचा कंटाळा म्हणून सगळंच उडवायला बघतोय. म्हणून शेजारच्या ड्रॉइंग मास्तरांना बोलावलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून चीर पाहिली आणि वायरमन बरोबर आहे असा निकाल दिला. काल दुपारी झाड आडवं झालं. आता अंगणात गुडघ्याएवढा बुंधा उरला आहे आणि घरभर वास.

कुणाला लागलं नाही. न्हाणीघरावरचे दोन पत्रे वाकले होते, ते मीच ठोकून सरळ केले. आई बरी आहे. मोतीबिंदू पिकत आलाय, त्यामुळे तिला समोरचं माणूस धुरातून आल्यासारखं दिसतं. झाड पडताना ती ओट्यापाशी उभी होती. आज सकाळी तिने विचारलं, की स्वयंपाकघरात एवढा उजेड कुठून आला.

पत्त्याचीही पंचाईत झाली आहे. आपलं घर म्हणजे निलगिरीचं घर. पुलावरून झाड दिसायचं, त्या रोखाने यायचं, एवढंच आम्ही सगळ्यांना सांगत आलो. काल एकजण नळ गळतोय म्हणून मला बोलवायला निघाला आणि दोन गल्ल्या पलीकडे जाऊन दुसऱ्याच्या दारावर थापा मारत बसला.

आता मुद्द्याचं. आई म्हणते, तिथे पुन्हा निलगिरीच हवी. मी म्हणतो, आई, मी नळकाम करतो. लोकांच्या सांडपाण्याच्या पाइपातून या झाडाची मुळं वेणीसारखी ओढून काढायचे मी पैसे घेतो. आणि माझ्याच दारात तेच झाड? लोक हसतील. तिकीटबाईचं मत (म्हणजे तुझी भावजय, बसस्टँडच्या तिकीटखिडकीवर बसल्यापासून घरातही सुटे पैसे असल्याशिवाय बोलत नाही) की झाड कोणतंही लावा, पण वासाचं लावा. शेवटी आईने फर्मान काढलं, की थोरलीला विचारा. कोणती निलगिरी लावायची ते ती सांगेल, कारण खिडकी तिची आहे.

तर ताई, निवड तुझी. उत्तर लवकर धाड. माया आहे तेवढी राहू दे, कमी करू नकोस.

तुझं,
शेंडेफळ

२१ मार्च

चि. शेंडेफळास,
अ. उ. आ.

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं. आमच्या फोरमनने माझ्याकडे पाहून विचारलं, की घरी कुणाचं काही झालं का. मी म्हटलं, झाड पडलं. तो हसला आणि पुढे गेला. मग दुपारी एका गृहस्थाच्या चष्म्याच्या काचा मी तिरक्या कोनात घासल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझी काच टाकून द्यावी लागली. झाड पडलं म्हटल्यावर माणसं हसतात, त्यात त्यांचा काय दोष.

मी घर सोडलं तेव्हा तू पाच वर्षांचा होतास, तुला काय आठवणार. माझी खाट मागच्या खोलीत खिडकीला लागून होती आणि खिडकीला लागून ते झाड. ओव्हरकोटाच्या बटणाएवढी गोल गोल पानं, जोडीजोडीने दांडीला घट्ट बसलेली. निळसर राखाडी. बोट फिरवलं की बोटाला भुकटी लागायची, आप्पांच्या शिवणकामाच्या खडूसारखी. मला वाटायचं, आप्पांनीच रात्री जाऊन सगळ्या पानांवर खडू घासला असणार.

माझ्या छातीत घरघर सुरू झाली, की आप्पा दुकानातून उठून येत. खिडकीतूनच हात बाहेर काढून मूठभर पानं तोडत, पातेल्यात टाकत. मी चादरीखाली, पातेल्याची वाफ तोंडावर, आणि बाहेरून आप्पा चादरीच्या कडा दाबून धरून, श्वास घे म्हणायचे. दर वर्षी थंडी ओसरली, की ते झाड छाटत. तेसुद्धा कसं, टेप लावून, खडूने खूण करून. शिंप्याने खूण केल्याशिवाय कात्री चालवायची नसते म्हणायचे. ड्रॉइंग मास्तर तेव्हाही कुंपणापाशी येऊन विचारायचे, की यंदा झाडाला कोट की सदरा.

म्हणून माझं उत्तर सोपं आहे. तेच झाड, तीच जात, त्याच जागी. उंच वाढणारं नको. खिडकीतून हात काढला की पान हाताला लागलं पाहिजे. गोल पान. इथे माझ्या खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसते आणि तिच्यावरून उतरलेला एक पाइप. तुला आवडला असता, सांध्यापाशी गळतो. रोज सकाळी त्याच्याकडे पाहत मी चहा पिते आणि त्याच्या जागी पानं आहेत असं समजते. तेवढं समजायला त्रास होत नाही. सवय आहे.

आईच्या डोळ्यांचं लांबवू नका. आपुलकी धरून राहा, मीही धरली आहे.

तुझी,
ताई

२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पोस्टमनने तुझं पत्र शेजारी टाकलं. म्हणे खूण गेली, हात आपोआप पुढे गेला. ड्रॉइंग मास्तरांनी ते न वाचता आणून दिलं, असं ते स्वतः दोनदा म्हणाले.

मी आणि तिकीटबाई रविवारी रोपवाटिकेत गेलो होतो. तिथल्या बाईंनी तीन रोपं समोर मांडली. पहिली लिंबाच्या वासाची. पान चुरगळलं की थेट लिंबू. आपल्याकडच्या उन्हाला ती भीत नाही, खोड पुढे दुधासारखं पांढरं होतं. पण साठ फूट वाढते, आणि भर उन्हात वारा नसतानाही फांदी टाकून देते. तिच्याखाली खाट टाकायची सोय नाही. दुसरी लाल फुलांची, बुटकी, दोन पुरुष उंच. मधमाश्या येतील. मात्र पाणी साचलं तर रुसते, आणि आपलं अंगण मागच्या बाजूला उतरतं आहे. तिसरी तू म्हणतेस तशी, रुपेरी गोल पानांची. मी लगेच उचलली. बाई म्हणाल्या, की ही मोठी झाली तरी पानं गोलच राहतात, पण ती थंड हवेतली. उन्हाळा काढेल की नाही, त्या शब्द देणार नाहीत.

जात कोणतीही असो, जागा बदलायची, हे मात्र मी ठरवून टाकलंय. भिंतीपासून, टाकीपासून आणि मोरीच्या पाइपापासून लांब, कुंपणाच्या कोपऱ्यात. तिथे मुळांना काय पाताळ गाठायचं ते गाठू दे.

आता राग मानू नकोस. गोल पान मी उभ्या जन्मात त्या झाडाला पाहिलेलं नाही. आपल्या झाडाची पानं लांब होती, विळ्यासारखी वाकडी, खाली लोंबणारी, हिरवी चकचकीत. खडूबिडू काही नाही. फांद्या सुरू व्हायच्या त्याच घराच्या छपराच्या वर. खिडकीतून हात काढलास तर हाताला लागणार बुंधा, आणि सालीचे लोंबते पापुद्रे. लहानपणी मला ते झाड म्हणजे देवाने उभी करून ठेवलेली पाइपलाइन वाटायची. आप्पांनी त्याला कधी कात्री लावलेली मी पाहिली नाही. तू मामाच्या घरचं एखादं झाड मनात धरून बसली असशील. वीस वर्षं म्हणजे काही थोडी नाहीत, ताई.

आईला विचारलं, की खरं कोणाचं. ती ताक ढवळत होती. म्हणाली, तिला म्हणावं स्वतः ये आणि निवड. एवढंच. मग तिने ढवळणं इतक्या जोरात सुरू केलं, की पुढे विचारायची माझी छाती झाली नाही.

आणि ते माझंही म्हणणं आहे. आपण भेटलो ते मामाच्या घरी, तेव्हा मला नुकती मिसरूड फुटत होती आणि लाजून मी तुझ्याशी चार शब्दही बोललो नाही. आप्पा जाऊन दोन वर्षं झाली. आता तुला इथे कोण अडवणार आहे? तुझ्या खोलीत माझी हत्यारं आहेत, पण ती मी एका सकाळीत हलवतो.

आशीर्वाद चालू ठेव, त्यावरच आमचं घर चाललंय.

तुझं,
शेंडेफळ

११ एप्रिल

चि. शेंडेफळास,
अ. आ.

सोबत एक पान पाठवते आहे. जपून उलगड, कडेने तुटतं. निघाले त्या सकाळी खिडकीतून तोडून ट्रंकेत टाकलेल्या पानांपैकी हे शेवटचं. रंग गेला, तपकिरी झालं. पण गोल आहे की नाही ते तूच पाहा. मामाच्या घरी निलगिरी कधी नव्हती. रोज काचेचा कोन अर्ध्या अंशाने चुकला तर ओळखते मी. झाड ओळखायला चुकेन असं तुला वाटलंच कसं?

तू खोटं लिहीत नाहीस हेही मला कळतं. म्हणजे दोन्ही खरं आहे. तू पाहिलंस ते झाड वेगळं. मी गेल्यावर आप्पांनी माझं झाड मुळासकट काढलं आणि त्या जागी दुसरं लावलं. तुला कळायला लागलं तेव्हा ते उंच झालेलं होतं. सगळं जुळतं. कुणी मला कळवलं नाही, यात आश्चर्य काही नाही. काय कळवणार?

तुला कोणी सांगितलं असेल-नसेल, म्हणून सांगते. मला या कारखान्याचं बोलावणं आलं, तेव्हा आप्पांनी दुकानात माझ्यासाठी दुसरं मशीन आणून ठेवलं होतं. माझ्यासारखी काजं त्यांच्या हातालाही जमत नव्हती, हे ते गिऱ्हाइकांसमोर बोलत. मी जाते म्हटल्यावर ते पायमशीन थांबवून म्हणाले, की जायचं तर जा, पण मग ये-जा करू नकोस; एकदा उसवलं की मी त्याच जागी पुन्हा टाके घालत नाही. मी त्यांचीच मुलगी. शब्द पाळला. पहिली दोन-तीन वर्षं मी वाट पाहिली, की एखाद्या पत्रात आईच्या अक्षराखाली त्यांची एक ओळ येईल. नंतर वाट पाहायचं सोडलं, तरी पत्र उघडल्यावर आधी खालीच नजर जायची. अजून जाते. आता तर ते नाहीत.

तर आता निवडण्यासारखं माझ्याकडे काही नाही. लाल फुलांचं लाव, लिंबाचं लाव. तिकीटबाईला आवडेल ते लाव. माझी खिडकी म्हणून अडून राहू नका. खोलीत हत्यारं आहेत ती तिथेच बरी आहेत. येण्याचं म्हणशील तर माझं झाड ज्या अंगणातून उपटलं, तिथे येऊन मी काय पाहू?

आईला हे वाचून दाखवू नकोस. तिच्या डोळ्यांची तारीख ठरली की कळव. तुम्हा दोघांची मला आठवण आहेच.

तुझी,
ताई

२० एप्रिल

चि. थोरलीस,
अ. उ. आ.

हे मी सांगते आहे आणि सूनबाई लिहिते आहे. ती मधे मधे स्वतःचं घालेल, तेवढं ओळखून वाच. (घालणारच. वन्संना माझा नमस्कार. फुकट लेखनिक मिळालाय तर कुरकुर कशाला?)

शेंडेफळाने तुझं पत्र मला वाचून दाखवलं नाही. पण तो पत्र वाचून अंगणात पाइपपाना हातात धरून नुसता उभा राहिला, तेव्हा मी ओळखलं. मग सूनबाईकडून वाचून घेतलं. (मी आधी नाही म्हटलं होतं, बरं का. दोन वेळा.)

पान माझ्या हातात दिलं. मला दिसत नाही, पण अंगठा फिरवून कळलं. नाकाशी धरलं तर वास नाही. थोडं चोळलं, मग आला. एवढासा, पण तोच.

आता नीट ऐक. तुम्ही दोघंही एका बापाची गाढवं आहात. झाड एकच होतं. कुणी काही उपटलं नाही आणि कुणी दुसरं लावलं नाही. त्या झाडाची पानं लहानपणी गोल असतात आणि मोठेपणी लांब होतात. दर वर्षी छाटत राहिलं, की त्याला मोठं व्हायला सवड मिळत नाही, ते लहानच राहतं, गोल पानं काढत राहतं. छाटायचं सोडलं, की वाढतं आणि त्याचा चेहरा बदलतो. माणसांचंही तेच होतं. शेंडेफळाचे गाल आठव आणि आताचा जबडा बघ. हे मला कुणी शिकवलं नाही. इतकी वर्षं ती पानं मी झाडली आहेत. आधी गोल झाडली, मग लांब झाडली. मधली दोन वर्षं एकाच झाडाखाली दोन्ही पडायची.

तू गेलीस आणि महिन्याभरात छाटणीचे दिवस आले. आप्पांनी कात्री काढली, टेप गळ्यात अडकवली, खडू घेतला आणि मागे गेले. मी पातेलं घासत बसले होते. बराच वेळ आवाज नाही म्हणून पाहिलं, तर खूण करून झाली होती आणि ते नुसते उभे. मग परत आले, कात्री खिळ्याला टांगली. मी विचारलं, काय झालं. म्हणाले, वाफ घ्यायला ती नाही, उगाच कशाला कापायचं. ती आली की कापू.

पुढच्या वर्षी मी आठवण केली, तेच उत्तर. झाड खिडकीवर गेलं, मागच्या खोलीत अंधार झाला, मी म्हटलं आता तरी. ते म्हणाले, ती आली की कापू. छपरावर गेलं. पानांनी पन्हळ तुंबली, शेंडेफळ तेव्हा शाळेत होता, त्याला वर चढवून साफ केली. तारेपर्यंत गेलं तेव्हा एक लाकूडवाला चांगला भाव घेऊन दारात आला. त्याला ते असं काही बोलले, की तो पुन्हा आपल्या गल्लीत फिरकला नाही. पण कात्रीला दर वर्षी तेल घालायचे. मी विचारायचं सोडलं होतं आणि त्यांनी सांगायचं.

उसवलं की टाके घालत नाही, हे ते दुकानात दिवसातून दहा वेळा म्हणायचे. कापडाबद्दल ते खरं होतं. तुझ्याशी बोलायची वेळ आली, तेव्हा त्यांना दुसरे शब्द सापडले नाहीत. ज्या माणसाचं सगळं आयुष्य मशीनवर गेलं, त्याला रागही कापडातलाच येणार. तू शब्द धरून बसलीस आणि ते झाड धरून बसले.

मी इतकी वर्षं का सांगितलं नाही म्हणशील. मला वाटायचं, तू एकदा आलीस की झाड पाहूनच तुला कळेल. पत्रात लिहिण्यासारखं ते वाटलं नाही. आता झाड नाही म्हणून लिहायला लावलं.

डोळ्यांची तारीख जूनच्या पहिल्या आठवड्यातली आहे. घाबरत नाही मी. जीव जपून राहा, वाफ घेत जा.

तुझी,
आई

ता. क. आता हे माझं. रोपं अजून आणलेली नाहीत. तुमच्या भावाने बाईंना थांबा म्हणून सांगितलंय. तो दोन दिवस विनोद करत नाहीये, त्यामुळे घर ओळखू येत नाही. वन्सं, सगळ्या गाड्या माझ्या खिडकीसमोरच लागतात. उतरणारा प्रत्येक माणूस आधी मला दिसतो. फोटोवरून मी तुम्हाला ओळखेन. एवढंच सांगायचं होतं. — तिकीटबाई

१६ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आईच्या पत्राला तुझं उत्तर नाही. पोस्टमनची सायकल वाजली की आई हातातलं काम थांबवते आणि ती पुढे गेली की पुन्हा सुरू करते. पुढेच जाते म्हणून मी पोस्टमनला दोनदा आपलं दार नीट दाखवून आलो. त्याने सांगितलं, की दार त्याला आता पाठ झालंय, पत्रच नाही तर तो काय करणार.

पण मी लिहितोय ते दुसऱ्या कारणासाठी. बुंधा फुटला.

आधी आईलाच कळलं. ती रोज काठी टेकत तिथवर जाते आणि बुंध्यावर हात फिरवते, मांजराच्या पाठीवरून फिरवावा तसा. गेल्या पंधरवड्यात तिने मला हाक मारून सांगितलं, की सालीतून काहीतरी टोचतंय. मी म्हटलं, ढलपी असेल. नव्हती. लालसर डोळे होते, सालीच्या कडेने भरगच्च. आता ते वीतभर वर आले आहेत. पानं जोडीजोडीने, दांडीला घट्ट, निळसर राखाडी. गोल. ओव्हरकोटाच्या बटणाएवढी अजून नाहीत, सदऱ्याच्या बटणाएवढी म्हण. बोट फिरवलं, तर बोटाला भुकटी.

माझी चूक मान्य. पण तूही अर्धीच बरोबर होतीस, तेव्हा बरोबरी धर. मी बुंध्यापाशी उकिडवा बसून एक पान चुरगळलं आणि ताई, तू कशी दिसतेस ते मला एकदम आठवलं. मामाच्या घरातली नव्हे. त्याआधीची, खिडकीतून मला वर ओढून घेणारी. इतकी वर्षं ती आठवण माझी आहे की तू पत्रात लिहिलेली, हेच मला नक्की नव्हतं.

रोपवाटिकेच्या बाईंना जाऊन सांगितलं, की रोप नको. त्या म्हणाल्या, जुन्या मुळांना जोर फार असतो. सगळे फुटवे ठेवले तर झुडूप माजेल आणि नुसती काटकुळी गर्दी होईल. चांगले एक-दोन निवडून ठेवायचे, बाकीचे काढायचे. कोणता निवडता त्यावर पुढचं झाड ठरतं. मोरीचा पाइप मी आधीच उपसून दुसऱ्या बाजूने नेला आहे. मुळांशी भांडण्यात अर्थ नाही, हे नळकामवाल्यालाही कधीतरी कळतं. जुन्या पाइपातून निघालेली वेणी तुला दाखवायला ठेवली आहे. तिकीटबाई ती घरात येऊ देत नाही.

काल मी आप्पांची कात्री घेऊन बुंध्यापाशी गेलो. दोन फुटवे मनात धरलेही होते. आई मागच्या दारात उभी होती. तिला मी दिसत नव्हतो, पण कात्रीचा आवाज तिला कळला. तिने तिथूनच सांगितलं, की हात लावायचा नाही, ती आली की कापू.

मी कात्री होती तिथे टांगली. काय करणार? या वेगाने वाढलं तर ते पुन्हा तारेला जाऊन भिडेल, आणि तो वायरमन आधीच माझ्यावर दात धरून आहे. आता हे प्रकरण तुझ्याकडे.

खोली रिकामी केली आहे. भिंतीला चुना दिला. खिडकीची खालची कडी गंजली होती, ती बदलली. आता एका हाताने उघडते.

लहानांवर राग धरू नये असं म्हणतात, तेवढं पाहा.

तुझं,
शेंडेफळ

२४ मे

चि. शेंडेफळास,
अ. उ. आ., आणि ती. आईला नमस्कार, हे पत्र तिला मोठ्याने वाचून दाखव.

आईच्या पत्राचं उत्तर लिहायला बसायचे आणि मायन्याच्या पुढे जात नव्हते. ती. आईस लिहिलं, की त्याखाली अजून एक नाव लिहायला हात जायचा. त्या नावाने मी कधी पत्र लिहिलंच नाही. त्यांची एक ओळ यावी म्हणून मी थांबले होते; माझी एक ओळ त्यांना गेली नाही, हे लक्षात यायला मला एक झाड पडावं लागलं. असो. आता हे मी इथे लिहिणं पुरे करते. उरलेलं तिथे बुंध्यापाशी बसून बोलेन.

फोरमनकडे रजा मागितली. त्याने कारण विचारलं. मी म्हटलं, झाड छाटायचं आहे. तो म्हणाला, की लोक लग्नाला रजा घेतात, आजारपणाला घेतात, झाडाला कोणी घेत नाही. मी सांगितलं, की हे काम वीस वर्षं थकलेलं आहे. या वेळी तो हसला नाही. महिन्याची रजा दिली. म्हणजे आईच्या डोळ्यांच्या वेळी मी तिथे असेन. नंबर ठरला की तिच्या काचा मीच घासणार, तशी यंत्राजवळच्या पोराला आधीच ताकीद दिली आहे की माझा काच घासायचा दगड कोणी हलवायचा नाही.

फुटव्यांचं मी ठरवलं आहे, पण बघितल्यावर बदलेनही. एक वाढू द्यायचा. पुलावरून दिसायला नको, पण पोस्टमनला चुकू नये एवढा, तारेच्या खाली हातभर थांबवायचा. त्याची पानं लांब होतील, ती तुझी. खिडकीच्या बाजूचे दोन दर वर्षी गुडघ्याएवढे उतरवायचे. ती पानं गोल राहतील, ती माझी. एकाच बुंध्यावर दोन्ही जमतं का, ते रोपवाटिकेच्या बाईंना विचारून ठेव. नाही म्हणाल्या तरी आपण करून पाहू.

आता दर वर्षी उतरवायचे म्हणजे दर वर्षी मला यावं लागणार. हे फोरमनला अजून सांगितलेलं नाही.

पुढच्या रविवारी, दुपारच्या गाडीने येते. स्टँडवर तू येऊ नकोस. तिकीटबाई मला ओळखते का ते पाहायचं आहे. तिथून पुढे चालत येईन. झाड नाही, तेव्हा पुलावर आले की चुकणार, हे धरून चाल आणि पुलावर उभा राहा. कात्रीला तेल घालून ठेव. टेप नवी असली तरी चालेल, पण खडू आप्पांचाच हवा. दुकानाच्या मशीनच्या डाव्या खणात, बटणांच्या डबीमागे असेल. खूण आईने करायची. तिला दिसत नसलं तरी चालेल, मी तिचा हात धरीन.

भेटीपर्यंत हीच माया जपून ठेवा.

तुमची,
थोरली